ह्युगोमध्ये लेख घरी दिसतो, साइटवर गायब?

ह्युगो या, मजकुराच्या फाइलींपासून वेबसाइट बांधणाऱ्या साधनाने नवा लेख तयार केला की त्याच्या डोक्यावरच्या माहितीत 'ड्राफ्ट'पुढे 'ट्रू' आपोआप पडतं. आपण लिहिताना, साइट आपल्याच संगणकावर दाखवणाऱ्या 'ह्युगो सर्व्हर' या कमांडला कॅपिटल डीचा पर्याय (-D) जोडतो, त्यामुळे कच्चे लेखही ब्राउझरमध्ये झकास दिसतात. साइट बांधताना मात्र नुसतं 'ह्युगो' चालवलं की तो लेख मुकाट्याने वगळला जातो. एरर नाही, इशारा नाही. म्हणून चढवण्याआधी तिथे 'फॉल्स' करा.

तेही केलं आणि तरी लेख नाही? मग तारीख बघा. पुढची तारीख असलेले लेख ह्युगो बांधतच नाही. यात खरी गोम टाइमझोनची आहे. तारखेसोबत वेळ लिहिली पण टाइमझोन लिहिला नाही, तर ह्युगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. तुमचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असेल, तर सकाळी दहाचा लेख दुपारी साडेतीनपर्यंत 'भविष्यातला' ठरतो! वेळेच्या शेवटी '+०५:३०' असा फरक लिहा, किंवा साइटच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'टाइमझोन' एकदाच ठरवून टाका. दुसरा उपाय बरा, विसरायचा प्रश्न नाही.

कुठला लेख कशामुळे अडकलाय हे शोधत बसू नका: 'ह्युगो लिस्ट ड्राफ्ट्स' आणि 'ह्युगो लिस्ट फ्यूचर' या कमांड यादीच देतात.

उलटा प्रकारही होतो. ड्राफ्ट केलेला जुना लेख साइटवरून हलत नाही, कारण बांधलेली साइट जिथे साठते त्या 'पब्लिक' फोल्डरमधली आधीची पानं ह्युगो स्वतःहून पुसत नाही. तो फोल्डर उडवून साइट पुन्हा बांधा, आणि सर्व्हरवरची जुनी प्रतही काढा.