जर्मनीतला पहिला हिवाळा: जेवण, चालणं आणि जिमचा करार

मला इथे 12 वर्षं झाली. दर ऑक्टोबरला नवीन मुलंमुली येतात आणि डिसेंबरपर्यंत सगळ्यांचं तेच होतं, दुपारी कँटीन, रात्री फ्रोजन पिझ्झा, साडेचारला अंधार पडतो म्हणून बाहेर पडणं बंद. माझंही हेच झालं होतं, म्हणून कळकळीने लिहितेय.

कुकर घरून आणा, पण आधी शेगडी कुठली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, बुडाला मॅग्नेट चिकटायला हवा. सुपरमार्केटमधली 'रोटं लिन्झन' म्हणजे आपली मसूर डाळ, न भिजवता वीस मिनिटांत शिजते, त्यामुळे वरणभात आणि एखादी कोशिंबीर एवढं तरी दमून आल्यावरही होतं. कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानात बघा. आटा मात्र इंडियन स्टोअरचाच घ्या, इथल्या सुपरमार्केटमधलं 405 नंबरचं गव्हाचं पीठ म्हणजे जवळजवळ मैदाच. रविवारी दुकानं बंद.

आपले लोक दर वीकेंडला जमून छोले-पुरी, पनीर, गुलाबजाम खातात आणि वजन वाढलं की इथल्या ब्रेडला दोष देतात, हे मला अजिबात पटत नाही. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजी पावसातसुद्धा रोज तासभर चालतात. चांगलं जॅकेट आणि बूट घ्या, आणि दुपारच्या सुट्टीत उजेड असताना अर्धा तास चाला.

आता जिम. पहिल्याच महिन्यात करार करू नका, प्लीज! मी उत्साहाने 24 महिन्यांचा केला, तीन महिने जिमला गेले, मग थंडीत जाणं सुटलं, आणि तेव्हा मुदत संपण्याच्या तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागायची हे माहीतच नव्हतं म्हणून आणखी एक वर्ष आपोआप वाढलं. त्या जास्तीच्या वर्षाचे 540 युरो गेले. मार्च 2022 पासूनच्या करारांना नवा कायदा आहे, पहिली मुदत संपली की महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं, पण ती पहिली मुदत अजूनही दोन वर्षांची असू शकते आणि तेवढे पैसे भरावेच लागतात. म्हणून मुदत वाचल्याशिवाय सही नको. फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात, योगाचे वर्ग स्वस्त असतात, आणि मान्यताप्राप्त कोर्स असेल तर सरकारी आरोग्य विमा फीचा काही भाग परत देतो.

अजून एक, ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून पुरेसं डी जीवनसत्त्व बनत नाही. मी पाठदुखीसाठी दोन महिने खुर्च्या बदलत बसले, शेवटी रक्त तपासलं तेव्हा डी खूप कमी निघालं. शाकाहारी असाल तर बी-12 पण तपासायला सांगा, आणि गोळ्यांचा डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.