सिंथेटिक बायॉलॉजीत पीएचडी करायचीय? आधी टॉगल स्विच चालवून बघा

पुण्यातल्या सिंथेटिक बायॉलॉजीच्या, म्हणजे पेशींत जनुकांची नवी सर्किटं बसवण्याच्या, एका लॅबमध्ये मी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) आहे. आमच्या लॅबप्रमुख मॅडमना इंटर्नशिप आणि पीएचडीसाठी येणारे ईमेल आधी मी वाचते. मुलं लातूर, कोल्हापूर, नाशिकहून लिहितात. मार्क उत्तम असतात, पण मजकूर बहुतेकांचा एकच: 'मला तुमच्या संशोधनात रस आहे.' कशात रस आहे, ते कळत नाही. ते दाखवायला कॉलेजात मोठी लॅब असायची गरज नाही. लॅपटॉप पुरतो.

२० जानेवारी २००० च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात या विषयातले दोन शोधनिबंध लागोपाठ छापले गेले: एलोविट्झ आणि लाइबलर यांचा रिप्रेसिलेटर (ठरावीक काळाने चालू-बंद होत राहणारं जनुकांचं सर्किट) आणि गार्डनर, कँटर, कॉलिन्स यांचा टॉगल स्विच. प्रत्येकी जेमतेम चार पानं. सुरुवात टॉगलपासून करा. ई. कोलाय या जिवाणूमध्ये दोन जनुकं बसवलेली. एकाचं प्रथिन दुसऱ्याला दाबतं, दुसऱ्याचं पहिल्याला. त्यामुळे एक चालू असेल तर दुसरं बंद. आयपीटीजी हे रसायन घातलं की बाजू पालटते, आणि ते काढून घेतल्यावरही पेशी पालटलेल्याच बाजूला राहते. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना इथे फ्लिप-फ्लॉप (दोनपैकी एक स्थिती लक्षात ठेवणारं सर्किट) आठवेल, आणि ते बरोबरच आहे.

आता वही घ्या. पहिल्या प्रथिनाचं प्रमाण 'क', दुसऱ्याचं 'ख'. 'क' बदलण्याचा वेग म्हणजे १० भागिले (१ अधिक 'ख'चा वर्ग), त्यातून 'क' वजा. 'ख'चं समीकरण तसंच, फक्त अक्षरांची अदलाबदल. पायथॉनमध्ये हे दहा-पंधरा ओळींचं काम आहे. 'क' ५ आणि 'ख' १ पासून सुरू करा: 'क' ९.९ च्या आसपास स्थिरावतो, 'ख' ०.१ वर. आकडे उलटे देऊन सुरू करा, निकालही उलटा येतो.

मग वर्ग काढून टाका, घात १ ठेवा. कुठूनही सुरुवात करा, दोन्ही २.७ वर येऊन थांबतात. स्विच गेला! इथे थांबून विचार करा, कारण या विषयाचा गाभा इथेच आहे. दोन जनुकांनी एकमेकांना दाबणं पुरेसं नाही. निदान एका बाजूचं दाबणं तरी तीव्र, एकदम उसळणारं हवं. रिप्रेसरचे, म्हणजे दाबणाऱ्या प्रथिनाचे, रेणू एकेकटे काम न करता एकत्र येतात (लॅकआय हे असं एक प्रथिन चार-चारच्या गटात असतं), तेव्हा ती तीव्रता मिळते. हे ज्याने स्वतः आलेख काढून पाहिलंय, त्याचा ईमेल मी मॅडमपुढे लगेच ठेवते.

ईमेल छोटा लिहा. त्या लॅबचा एक अलीकडचा निबंध, त्यातली एक आकृती, तिच्याबद्दल तुमचा एक खरा प्रश्न. सोबत तुमचा आलेख आणि कोड जोडा. सीव्ही दोन पानांत बसवा.

परीक्षा टाळता येत नाहीत. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. स्वतःची फेलोशिप असलेल्या विद्यार्थ्याला लॅब मिळणं सोपं जातं. इंजिनियरिंगवाल्यांसाठी गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकल इंजिनियरिंगचा स्वतंत्र पेपर आहे.

औषधांकडे ओढा असेल तर नेक्सकार१९ बद्दल वाचा. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या या कार-टी प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींत (रोगप्रतिकारक पेशींत) नवं जनुक घालून त्यांना कर्करोगाच्या पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखायला लावतात. पेशीत लिहिलेली सूचना पवई-परळच्या वाटेने रुग्णापर्यंत पोचते, याचा मला फार अभिमान वाटतो.

होकार आला तरी लगेच हो म्हणू नका. त्या लॅबमधल्या सीनियरशी गाईडच्या गैरहजेरीत फोनवर बोला. आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आता कुठे आहेत, निबंधावर पहिलं नाव कोणाचं लागतं, हे मोकळेपणाने विचारा. आणि हेही विचारा: सहा महिने क्लोनिंग (हवं ते जनुक डीएनएत जोडणं) जमलं नाही, तर दर सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमचे गाईड काय म्हणतात?