पैठणीचा फोटो वेबसाइटवर चढवताना

पैठणच्या साडी दुकानाची वेबसाइट असो का लातूरच्या क्लासची, फोनमधला 4000 पिक्सेल रुंद फोटो जशाला तसा चढवू नका, खेड्यात रेंज गेली-आली की गिऱ्हाईक वाट बघत बसत नाही. एकाच फोटोच्या 480, 960 अन् 1600 रुंदीच्या फायली करा, वेबपी (WebP, फोटोची फाइल हलकी करणारा प्रकार) फॉरमॅटमधी, क्वालिटी 100 पैकी 75-80, पण पदरावरचा मोर झूम करून बघाच, जरीचे धागे फिसकटलेले दिसले तर क्वालिटी वाढवा, तिथं कंजुसी नको. मग पानाच्या एचटीएमएल कोडात, फोटोच्या img टॅगमधल्या एसआरसीसेटमधी (srcset) तिन्ही फायली रुंदीसकट द्या अन् साइझेसमधी (sizes) फोटो स्क्रीनवर किती जागा घेणार ते लिहा, म्हणजे ब्राउझर आपणहून योग्य फाइल उचलतो. त्याच टॅगमधी विड्थ-हाइट (width-height, फोटोची रुंदी-उंची) पण टाका, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली सरकतो. लेझी लोडिंग (वाचणारा खाली सरकत फोटोजवळ आला की मगच तो उतरवणं) खालच्या फोटोंनाच, सगळ्यात वरच्याला नाही.