कीटक-विंचवांच्या मायटोकाँड्रियल जीनोमचा डेटाबेस: या चुका टाळा

ज्वारीची खोडमाशी, डाळिंब पोखरणारी अळी, माळावरच्या दगडाखालचा लाल विंचू. सोलापूरच्या विद्यार्थ्यांनी अशा संधिपाद (सांधेदार पायांच्या) प्राण्यांच्या मायटोकाँड्रियल जीनोमचा, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएचा, ऑनलाइन डेटाबेस करायला घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या नोंदी सर्वांना मोफत खुल्या आहेत. मात्र त्या उतरवून जशाच्या तशा टेबलात ओतल्या, की घोटाळे सुरू होतात.

सर्वांत जास्त घाबरवणारी तक्रार म्हणजे कॉक्स-1 या मायटोकाँड्रियल जनुकाच्या मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं, दिसणं. नोंद खराब म्हणून लगेच काढून टाकू नका. आधी डीएनएचं प्रथिनात भाषांतर कोणत्या जेनेटिक कोडने (कोणती तीन अक्षरं म्हणजे काय, याच्या क्रमांक दिलेल्या तक्त्याने) केलं ते बघा. बहुतेक सॉफ्टवेअर न सांगता कोडचं टेबल 1, म्हणजे सर्वसाधारण कोड, वापरतात. कीटक-विंचवांसारख्या अपृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाला टेबल 5 लागतं. त्यात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. टेबल बदलूनही स्टॉप राहिले, तरच पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसलेल्या, निकामी झालेल्या नकली प्रतीचा संशय घ्या. नाकतोड्यांत अशा प्रती भरपूर सापडतात. उलट, जनुकाच्या शेवटी नुसता टी किंवा टीए दिसला तर ती चूक समजू नका. जनुकावरून बनलेल्या आरएनएला ए-ची शेपटी जोडली जाते तेव्हा टीएए हा स्टॉप कोडॉन पूर्ण होतो.

दुसरी अडचण नावांची. एकच जनुक कुठे कॉक्स-1, कुठे सीओआय, कुठे सीओ-1. शोधल्यावर निम्म्याच नोंदी येतात आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही, म्हणून ही चूक मला जास्त गंभीर वाटते. पर्यायी नावांचं वेगळं टेबल ठेवा, मूळ नाव पुसू नका. प्रजातींचंही तेच: डाळिंबाची अळी कुठे ड्युडोरिक्स, कुठे विराकोला, लाल विंचू जुन्या लिखाणात मेसोब्युथस, आता हॉटेंटोटा. नोंदी नावाने न जोडता टॅक्सॉनॉमी आयडीने, म्हणजे प्रत्येक प्रजातीला दिलेल्या ठरावीक क्रमांकाने, जोडा.

जनुकं 37 भरली नाहीत म्हणून नोंद अपूर्ण ठरवण्याची घाई नको. 13 प्रथिनांची, 2 आरआरएनएची, 22 टीआरएनएची (हे दोन्ही प्रथिन बनवायला मदत करणारे आरएनए), हा नेहमीचा हिशोब. पण विंचू-कोळ्यांचे टीआरएनए आखूड असतात, कधी त्यांच्या घडीचा एक हातच नसतो. साधं शोधयंत्र ते चुकवतं. मायटॉस हे मायटोकाँड्रियल जनुकं शोधणारं साधन वापरून पुन्हा तपासा.

जीनोम गोलाकार असल्याने एखादं जनुक सुरुवातीच्या बिंदूवरून ओलांडून जातं आणि लांबी उणे येते. त्यासाठी कोडमध्ये वेगळी अट लिहा.

एका प्रजातीला एकच क्रम, अशी रचना तर करूच नका. माणसाच्या अंगावरच्या उवेचा मायटोकाँड्रियल जीनोम 20 लहान वर्तुळांत विभागलेला आहे. प्रजातीचं टेबल वेगळं, क्रमांचं वेगळं ठेवा आणि प्रत्येक क्रमासोबत अॅक्सेशन क्रमांक (जेनबँकेतला नोंदीचा क्रमांक) त्याच्या आवृत्तीसकट साठवा. मूळ क्रम सुधारला गेला की टिंबापुढचा आकडा बदलतो.