डिफेन्स कोटा म्हणजे फीमाफी नव्हे: माजी सैनिकाच्या मुलीचा प्रवेशाचा अनुभव

वडील 17 वर्षांची नोकरी पुरी करून पलटणीतून घरी आले तेव्हा त्यांचे वय 37 होते आणि मी दुसरीत होते. मी बारावी होईपर्यंत निवृत्तिवेतनाच्या जोडीला त्यांनी एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची नोकरी धरली होती. सैनिकांच्या मुलांना महाविद्यालयीन शुल्कात सवलत का द्यावी, असे वसतिगृहात मला अनेकदा विचारले गेले. शौर्याचे बक्षीस म्हणून ती द्यावी, असे मला वाटत नाही. मात्र ज्या नोकरीत कमावता माणूस चाळिशीच्या आतच निवृत्त होतो आणि मुलांच्या शिक्षणाचा मोठा खर्च त्यानंतर उभा राहतो, त्या नोकरीच्या अटींचाच तो एक भाग मानला पाहिजे.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ होतो तो जागा आणि शुल्क यांत. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत संरक्षण दलातील व्यक्तींच्या पाल्यांसाठी राखीव जागा, म्हणजेच डिफेन्स कोटा, असतो. राज्यातील माजी सैनिकांचे पाल्य, राज्यातील सेवारत सैनिकांचे पाल्य आणि बदलीने महाराष्ट्रात आलेल्या परराज्यातील सैनिकांचे पाल्य, असे त्याचे तीन गट आहेत. या जागेवर प्रवेश मिळाला म्हणून शुल्क एका रुपयानेही कमी होत नाही, हे मला शुल्काच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर कळले.

पैशाची वाट वेगळी आहे. माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत मिळणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला 36,000 आणि मुलांना 30,000 रुपये देते. ती अधिकारी पदाखालील माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आहे, बारावीला किमान 60 टक्के गुण लागतात आणि अर्ज पहिल्या वर्षीच करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. राज्याच्या महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावरही माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी शैक्षणिक सवलतीची योजना आहे. दोन्हींबाबत आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

माझे खरे हाल कागदांनी केले. वडिलांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या नोंदपुस्तिकेत, माझे नाव घरच्या लाडक्या नावाने नोंदलेले होते आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर वेगळे. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती होऊन येईपर्यंत चार महिने गेले. (त्या ऑफिसला वडिलांनी जितकी पत्रे लिहिली, तितकी मी लहान असताना सीमेवरून मलाही पाठवली नव्हती.) म्हणून अकरावीतच डिस्चार्ज बुक उघडून आपले नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासून घ्या.

सवलतीत भेद असावा, हे मात्र मला मान्य आहे. कर्नलच्या मुलाला आणि शिपायाच्या मुलीला राखीव जागा सारखीच खुली असणे समजू शकते, कारण बदल्यांमुळे शाळा दोघांच्याही तुटतात. परंतु शुल्काचे साहाय्य पद आणि उत्पन्न पाहूनच द्यावे. हुतात्मा आणि अपंग सैनिकांच्या मुलांची गोष्ट निराळी. सरकार देत असलेल्या त्यांच्या शिक्षणखर्चावर 2017 मध्ये केंद्राने दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा घातली होती आणि टीकेनंतर मार्च 2018 मध्ये ती मागे घेतली. तिथे काटकसरीचा हिशेब मांडायलाच नको होता.

पंतप्रधान शिष्यवृत्ती सुरू झाल्यावर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी किमान 50 टक्के गुण हवेत. गुणपत्रिका हाती येताच त्या कामाला लागा.