घरच्या पोकरमध्ये उठताना भांडण नको असेल तर कॅश-आउटचे नियम असे ठरवा

आमच्या शनिवारच्या पोकरला आता सहा-सात वर्षं झाली. एवढ्या काळात पानांवरून भांडण झालेलं मला एकदाही आठवत नाही, फ्लश मोठा का फुल हाउस मोठं हे फोनवर बघून दोन मिनिटांत मिटतं. भांडणं झाली ती सगळी उठताना. कोण कधी उठला, किती घेऊन उठला, हिशोब का जमत नाहीये, आणि 'उद्या जीपे करतो' म्हणणाऱ्याचा उद्या नक्की कधी उजाडतो, यावरूनच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला आणि आमच्या ओळखीतले ॲपवर खेळणारे चार-पाच जण कोणाच्या ना कोणाच्या हॉलमध्ये येऊन बसायला लागले. ॲपवर हिशोब आपोआप व्हायचा, त्यामुळे या मंडळींना कॅश-आउटला, म्हणजे उठताना आपला हिशोब पैशांत घ्यायला, काही नियम लागतात हेच माहीत नसतं. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळतो तसं बसतात, आणि मग रात्री दोनला कॅल्क्युलेटर काढून एकमेकांकडे बघत राहतात.

पहिलं म्हणजे जे काय ठरवायचं ते पहिलं पान वाटायच्या आधी ठरवा. रात्री दीडला एक जण चार हजार वर आणि एक जण चार हजार खाली असताना ठरवायला गेलात तर जो वर आहे त्याला एक नियम बरोबर वाटणार आणि जो खाली आहे त्याला बरोब्बर उलटा, आणि दोघंही मनापासून बोलत असणार. व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच-सहा ओळी लिहून पिन करून टाका, नवीन कोणी आला की बसायच्या आधी त्याला तेवढं वाचायला लावा.

बँक, म्हणजे जमलेले पैसे आणि चिप्स (पैशांच्या जागी टेबलावर लावायच्या चकत्या), एकाकडेच ठेवा. शक्यतो ज्याचं घर त्याच्याकडे नको, तो बिचारा बर्फ आण, दार उघड, खालच्या मजल्यावरच्या काकांना सॉरी म्हण यातच असतो. चिप्सचा डबा बँकवाल्याच्या शेजारी, झाकण लावलेला. आणि आधी पैसे, मग चिप्स. रोख द्या किंवा यूपीआय करा पण बँकवाल्याचा फोन वाजल्याशिवाय चिप्स हलणार नाहीत. हे ऐकायला कोरडं वाटतं, मित्रामित्रांत कसलं काय असं कोणीतरी म्हणतंच, पण कॅश-आउटची निम्मी डोकेदुखी इथेच संपते कारण टेबलावर जेवढे चिप्स तेवढे पैसे आधीच बँकेत आलेले असतात आणि उठणाऱ्याला कोणाच्या मागे लागावं लागत नाही.

आम्ही ५-१० ब्लाइंड खेळतो, म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी पाच आणि दहा रुपये लावायचेच, आणि बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायचे चिप्स, १००० चा. ३०० चिप्सची साधी पेटी आहे. प्रत्येकाला पाचचे १०, पंचवीसचे १० आणि शंभरचे ७ देतो, म्हणजे ५० अधिक २५० अधिक ७००, बरोबर हजार. सगळ्यांना सारखीच थप्पी द्यायची, एकाला सुट्टे जास्त आणि एकाला शंभरचे जास्त असं केलं की पहिली चूक तिथेच होते. सहा जणांना १६२ चिप्स लागतात, उरलेले रीबायला, म्हणजे चिप्स संपले की परत विकत घ्यायला. आणि खेळणाऱ्यांनी आपापसात चिप्स विकायचे नाहीत. 'अरे तुझ्याकडे ढीग आहे, मला हजारचे दे, मी तुला पाठवतो' हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. जे काय ते बँकेतून.

आता मी स्वतः घातलेला घोळ सांगतो. त्या रात्री बँक माझ्याकडे होती. खेळ संपला, सगळ्यांनी थप्प्या लावल्या, मोजणी झाली आणि चिप्स भरले ११,०००. वहीत बाय-इन १०,००० चेच. तीनदा मोजलं. तोपर्यंत सगळ्यांच्या नजरा आमच्या एका मित्राच्या मेव्हण्याकडे, कारण तो पहिल्यांदाच आला होता आणि दोन हजार जिंकला होता. कोणी काही बोललं नाही, पण त्याला ते कळलं, तो आपले चिप्स परत परत मोजायला लागला. पंधरा मिनिटांनी मला आठवलं की बिर्याणीवाला आला तेव्हा मी बस्ट झालो होतो, म्हणजे माझे चिप्स संपले होते, एका हाताने दार उघडायला उठताना दुसऱ्या हाताने डब्यातून हजारची थप्पी स्वतःसमोर सरकवली आणि लिहायचं राहूनच गेलं. पैसे बँकेत टाकायचा तर प्रश्नच नाही, बँक माझ्याच खिशात होती ना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मेव्हणा नंतर परत आला नाही.

तेव्हापासून वही बंद. प्रत्येक बाय-इन ग्रुपवर मेसेज, नाव आणि आकडा, बस. वेळ आपोआप पडते आणि सगळ्यांना दिसतं. बँकवाल्याने स्वतःचा रीबाय घेतला तर मेसेज दुसऱ्याने टाकायचा, स्वतः नाही.

तरी फरक येतो कधीकधी. फरक किती आहे त्यावरून चूक कुठे झाली याचा अंदाज बांधता येतो. चिप्स बरोब्बर एका बाय-इनएवढे जास्त भरले तर कोणाचा तरी रीबाय लिहायचा राहिलाय. २५, ७५, १०० असा फरक असेल तर थप्पी मोजताना किंवा सुट्टे देताना चुकलंय, दुसऱ्याने मोजा. चिप्स कमी भरले तर ते सोफ्याखाली, चटईखाली किंवा घरातल्या लहान पोराच्या मुठीत आहेत, आधी तिथे बघा. एवढं करून सापडलं नाही तर नियम हा: चिप्स कमी म्हणजे बँकेत पैसे उरले, ते जेवणाच्या बिलात टाका. चिप्स जास्त म्हणजे पैसे कमी, ते जिंकलेल्यांनी जिंकण्याच्या प्रमाणात सोसायचे. एक २००० वर आहे, दुसरा १००० वर आहे, तूट ३०० ची, तर पहिल्याचे २०० गेले आणि दुसऱ्याचे १००. हरलेल्याला अजून दहा रुपये काढायला सांगू नका, रात्री दोन वाजता ते कोणालाच सहन होत नाही.

मग येतो खरा वादाचा मुद्दा, जिंकून लगेच उठणारा. पणजीला मांडवीतल्या बोटींवरच्या कसिनोत तुम्ही कधीही चिप्स उचला, काउंटरवर द्या आणि चालू लागा, कोणी ढुंकून बघत नाही. तिथे तुमची खुर्ची लगेच दुसरा कोणी घेतो. घरी सहाच जण असतात, त्यातला टेबलावरचे निम्मे चिप्स असलेला माणूस साडेदहाला 'चला, सकाळी लवकर उठायचंय' म्हणाला की खेळच मोडतो. तरी माझं स्पष्ट मत आहे की कोणाला अडवायचं नाही. पैसे त्याने जिंकलेत, ते त्याचे आहेत. फक्त आधी सांगायचं. आमच्याकडे उठायच्या आधी एक पूर्ण राउंड, म्हणजे वाटणं सगळ्यांकडे एकदा फिरून यायचं, सहा जणांत सहा डाव, वीसेक मिनिटं. आणि ज्याला खरंच लवकर जायचंय त्याने बसतानाच सांगावं, 'मी अकराला निघणार', मग तो जिंकत असो वा हरत असो कोणी काही बोलत नाही. घरून फोन आला, पोराला ताप आहे, तर राउंड-बिउंड काही नाही, सरळ उठायचं. डावाच्या मधे मात्र कॅश-आउट नाही, डाव संपला की मगच.

अर्धे चिप्स खिशात घालणं अजिबात नाही. 'मी दीड हजार काढून ठेवतो, बाकीच्यावर खेळतो' हा रडीचा डाव आहे, कारण ज्याने ते तुमच्याकडे हरलेत त्याला ते परत जिंकायची संधी राहत नाही आणि तुम्ही मात्र त्याच्या उरलेल्यावर डोळा ठेवून बसलेले. उठायचं तर सगळं घेऊन उठा. आणि उठलेला माणूस गॅलरीत जाऊन सिगरेट ओढून परत त्याच रात्री बसला तर जेवढे घेऊन उठला तेवढेच घेऊन बसायचं, ३२०० घेऊन उठला आणि १००० वर परत आला असं चालणार नाही.

संपायची वेळ आधी ठरलेली असू द्या. आमची एक वाजता. पाऊण वाजता बँकवाला ओरडतो 'शेवटचा राउंड' आणि त्यानंतर नवीन रीबाय नाही, ब्लाइंड वाढवायचे नाहीत. हरणारा 'अजून अर्धा तास' म्हणणारच, सगळे हो म्हणाले तरच वाढवा, एकाने मान हलवली तरी बंद, आणि त्याला का म्हणून विचारायचं नाही. रीबायवर पण मर्यादा ठेवा, आमच्याकडे रात्रीत तीन बाय-इन, मग तुम्ही नुसतं बघा, कॉमेंट्री करा. धर्मराजाला धृतराष्ट्राने सगळं परत दिलं होतं, तरी तो अनुद्यूताला, म्हणजे दुसऱ्या द्यूताला, परत येऊन बसला. तर आपला सॉफ्टवेअरवाला रात्री बाराला चौथा रीबाय मागतो यात त्याचा एकट्याचा दोष नाही, पण बँकेने नाही म्हणायचं.

ज्यांना आधी पैसे हे जमतच नाही, शेवटी मिटवू म्हणतात, त्यांनी निदान कमीत कमी व्यवहारांत मिटवा. समजा डॉक्टर २४५० वर, आयटीवाला १३०० वर, बँकवाला ३०० वर. सीए १४०० खाली, मामा १६५० खाली, घरवाला १००० खाली. दोन्हीकडे बेरीज ४०५०, म्हणजे हिशोब जमला, ही बेरीज आधी करायची. मग सगळ्यात जास्त हरलेल्याने सगळ्यात जास्त जिंकलेल्याला द्यायचं. मामा डॉक्टरला १६५०, सीए डॉक्टरला ८०० आणि आयटीवाल्याला ६००, घरवाला आयटीवाल्याला ७०० आणि बँकवाल्याला ३००. पाच व्यवहार, विषय संपला. सहा माणसांत पाचाच्या वर कधीच लागत नाहीत. हे सगळं दारात चपला घालायच्या आधी.

जेवणाचा खर्च पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, काढू नका. प्रत्येक डावातून वीस-वीस रुपये बाजूला टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, सोपी वाटते, पण मग जो जास्त डाव जिंकतो तोच सगळ्यांची बिर्याणी भरतो आणि हिशोबाला अजून एक शेपूट लागतं. बिल भागिले माणसं, वेगळं. घरवाल्याने खेळातून कट काढणं तर नकोच. १८८७ चा मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि त्यात जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं याच्या मुळाशी जागावाल्याचा फायदा हाच मुद्दा आहे, अड्ड्यावर जी नाल घेतात ती हीच. कट नाही काढला म्हणजे पैसे लावून खेळणं बिनधास्त झालं असंही समजू नका, रक्कम छोटी आणि माणसं ओळखीचीच ठेवा.

आणि उधारी राहिलीच तर मुदत रविवारी रात्री दहा. आमच्यात एकाचे १२०० तीन आठवडे लटकले होते. त्याला ग्रुपवर कोणी टोमणा मारला नाही, आठवण पण केली नाही. चौथ्या शनिवारी तो आला, बसला, बँकवाल्याने पाच जणांसमोर थप्प्या ठेवल्या आणि डब्याचं झाकण लावलं. तो दोन मिनिटं इकडेतिकडे बघत राहिला, मग फोन काढला.