म्हशीच्या पोटात तार गेल्याचा संशय आला तर

काल सात लिटर देणारी म्हैस आज दोन-तीन लिटरवर आली, आंबोणाला तोंड लावेना, रवंथ थांबला आणि ताप १०३–१०४ फॅरेनहाइट भरला, तर अपचन समजून तेल पाजू नका. आजारी जनावराला जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आधी तारेचा संशय घ्या.

गुरं खाद्य निवडून चावत नाहीत. खानापूरकडचं भाताचं पिंजर असो की निपाणी-चिकोडीकडचा कडबा, त्यात अडकलेली तार कडबाकुट्टीत बोटभर तुकडे होऊन वैरणीत मिसळते. घरबांधणीची तार, खिळे, जाळलेल्या टायरच्या तारा, सगळं असंच पोटात जातं. गिळलेलं लोखंड जड, म्हणून ते पोटाच्या सर्वांत पुढच्या, आतून जाळीसारख्या कप्प्यात, म्हणजे जाळीत, पडतं. जाळी आकुंचन पावली की तार भिंतीत रुतते. समोर छाती आणि पोटामधला पडदा, त्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. गाभण म्हशीचं गर्भाशय पोटाला पुढे रेटतं, त्यामुळे शेवटचे दोन महिने आणि विणं हाच सर्वांत धोक्याचा काळ.

म्हैस पाठ कमानीसारखी वर करते, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतार उतरायला नको म्हणते. खांद्यामागची कातडी मुठीत धरून वर ओढा: निरोगी जनावर पाठ खाली दबवतं, दुखत असलेलं दबवत नाही. दोघांनी पुढच्या पायांमागे, छातीखाली दांडकं धरून हळू उचलायचं आणि एकदम खाली सोडायचं. कण्हल्यासारखा आवाज आला तर संशय पक्का. मात्र म्हशीत ही खूण गाईइतकी स्पष्ट मिळत नाही. कण्हली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२. आपल्या बेळगाव भागात डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर तार म्हणजे तंती, खिळा म्हणजे मोळे. म्हशीला चालवू नका. पुढचे पाय १५–२० सेंटिमीटर उंच राहतील असा मातीचा ओटा करा, म्हणजे जाळीवरचा दाब कमी होतो. डॉक्टर जनावराला गिळवायचा लोहचुंबक आणि प्रतिजैविकं देतात. चुंबक तारेला धरून ठेवतो आणि पोटातच राहतो. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक मात्र त्याला लागत नाही. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर डाव्या कुशीतून पोट उघडून हातानं तार काढावी लागते. हे ऑपरेशन भूल देऊन, जनावर उभं ठेवून होतं आणि वेळेत केलं तर बहुतेक जनावरं सावरतात.

मानेची शीर दोरीसारखी फुगली, गळ्याखाली आणि छातीच्या पुढे पाणी साठून सूज आली, तर तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोचली आहे. मग ऑपरेशनचाही फारसा उपयोग होत नाही. दूध घटल्यापासून इथवरचा काळ थोडाच असतो, आणि "उद्या बघू" म्हणण्यातच तो जातो.

कालवडी-रेड्या वर्षभराच्या झाल्या की डॉक्टरांकडून चुंबक एकदाच गिळवून घ्या. तो जन्मभर पुरतो. कुट्टी मशीनच्या तोंडाशी जाड चुंबक बसवा आणि रोज पुसा. पहिल्याच आठवड्यात त्याला काय काय चिकटतं ते बघा.